खलपात्राचा आवाज, माणसाचा आवाज : ‘डॅलेक एम्पायर’ आणि प्रतिनायककेंद्री श्राव्यनाट्य

१

दीर्घकाळ चाललेल्या लोकप्रिय मालिकेत नायक बदलतो, त्याचे सोबती बदलतात, लेखक आणि निर्मातेही बदलतात. टिकून राहते ते बहुधा खलपात्र. पुढे केव्हातरी त्याला मूळ मालिकेतून वेगळे काढून स्वतंत्र मालिका देण्याचा विचार निर्मात्यांच्या मनात येतो. अशा शाखामालिकेसंबंधी जे बोलले जाते त्यात एक गृहीतक सर्रास आढळते. मूळ कथा नायकाच्या बाजूने सांगितली गेली होती, आता तीच खलपात्राच्या बाजूने सांगायची, म्हणजे केवळ दृष्टिकोणाची अदलाबदल करायची, असे ते गृहीतक आहे. ते अपुरे आहे. प्रतिनायक ही संकल्पना मुळातच सापेक्ष आहे. ‘दशरूपका’सारख्या ग्रंथात प्रतिनायकाचे लक्षण नायकाच्या शत्रूचे लक्षण म्हणूनच येते, त्याचा लोभ, त्याचे औद्धत्य, त्याची व्यसने यांचे नाट्यगत कार्य नायकाच्या संदर्भातच सिद्ध होते. नायकाला काढून टाकले की एक जागा रिकामी होते एवढेच घडत नाही. ज्या संबंधामुळे प्रतिनायक हा प्रतिनायक होता तो संबंधच नाहीसा होतो. अशा शाखामालिकेपुढचा खरा प्रश्न या नाहीशा झालेल्या संबंधाच्या जागी काय आणायचे, हा असतो.

या प्रश्नाची तीन उत्तरे संभवतात. खलपात्रालाच नायक करता येते. त्याच्या घडणीचे चरित्र सांगता येते. किंवा त्याची सत्ता हेच कथेचे विश्व मानून त्या सत्तेखाली जगणारी माणसे केंद्रस्थानी आणता येतात. इंग्लंडमधील ‘बिग फिनिश’ या निर्मितीसंस्थेने ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकल्पित मालिकेतील खलपात्रांवर जी श्राव्यनाट्ये काढली त्यांत ही तिन्ही उत्तरे आढळतात. २००१ साली सुरू झालेली निकोलस ब्रिग्ज यांची ‘डॅलेक एम्पायर’ ही तिसऱ्या प्रकारात मोडते. श्राव्यनाट्याच्या माध्यमात हे तिसरे उत्तर सर्वांत प्रामाणिक का ठरते, आणि त्यातून खलत्वाविषयी कोणते ज्ञान हाती येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

डॅलेकांना डॉक्टरपासून वेगळे करण्याचा प्रयत्न २००१ मध्ये प्रथमच झाला असे नाही. ‘डॉक्टर हू’ ही मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात टेरी नेशन यांच्या लेखणीतून डॅलेक अवतरले. धातूच्या कवचात बंदिस्त असलेले, स्वतःहून भिन्न असणाऱ्या सर्व जीवांचा नाश हेच जीवितकार्य मानणारे हे प्राणी नाझी विचारसरणीच्या आठवणीतून घडले होते; १९७५ च्या ‘जेनेसिस ऑफ द डॅलेक्स’मध्ये तर गणवेश आणि अभिवादनाच्या पद्धतीपासून हे साम्य उघड केलेले आहे. रेमंड क्यूसिक यांनी या प्राण्यांना दिलेले दृश्यरूप इतके लोकप्रिय झाले की नेशन यांना त्यांच्या स्वतंत्र आयुष्याची शक्यता लवकरच दिसू लागली. १९६५ मध्ये ‘मिशन टू द अननोन’ हा एकच भाग असा प्रसारित झाला की ज्यात डॉक्टर कोठेही नाही. त्या भागाच्या अखेरीस डॅलेकांचा कट उघडकीला आणू पाहणारी माणसे मारली जातात आणि कट तसाच पुढे चालू राहतो. नायकाच्या अनुपस्थितीचा अर्थ या भागाने एका फटक्यात स्पष्ट केला होता : जगाची नैतिक हमी घेणारा कोणी उरलेला नाही. १९६५ ते १९६७ या काळात ‘टीव्ही सेंच्युरी ट्वेंटीवन’ या मुलांच्या साप्ताहिकात डॅलेकांची चित्रकथा चालली; तीतही डॉक्टर नव्हता. १९६६ मध्ये नेशन यांनी अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी ‘द डिस्ट्रॉयर्स’ हा प्रारंभिक भाग लिहिला. तो चित्रित झाला नाही; २०१० मध्ये त्याचे रूपांतर ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा तो प्रथम श्रोत्यांपर्यंत पोहोचला.

या पूर्वेतिहासातील चित्रकथेचे उदाहरण प्रस्तुत चर्चेत महत्त्वाचे आहे. चित्रकथेत डॅलेक खरोखरच मध्यवर्ती होऊ शकले, कारण तेथे त्यांना अंतरंगाची गरज नव्हती. त्यांची नगरे, त्यांच्या तबकड्या, त्यांची श्रेणीव्यवस्था हे सारे रेखाटता येत होते. वाचकाचा डोळा त्या रंगीत यंत्रसंस्कृतीत रमत होता. डोळ्याला पात्राशी तादात्म्य पावण्याची घाई नसते. तो पृष्ठभागावरही तृप्त राहू शकतो. कानाचे तसे नाही. आवाज ऐकू आला की तो कोणाचा आणि कोणत्या मनःस्थितीतला हे विचारल्यावाचून कान राहत नाही. १९९८ मध्ये ध्वनिनाट्यांची निर्मिती सुरू करणाऱ्या आणि १९९९ पासून ‘डॉक्टर हू’ची नवी नाटके काढणाऱ्या ‘बिग फिनिश’पुढे डॅलेकांची स्वतंत्र मालिका करण्याचा विचार आला तेव्हा ही अडचण माध्यमातच दडलेली होती.

३

डॅलेकांचा आवाज कसा तयार होतो हे पाहिल्याशिवाय या अडचणीचे स्वरूप ध्यानात येत नाही. दूरचित्रवाणीवरचा डॅलेक प्रथमपासूनच दोन माणसांचा बनलेला होता : कवचाच्या आत बसून ते हलवणारा एक, आणि ध्वनिक्षेपकासमोर बोलणारा दुसरा. पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम या नटांच्या आवाजावर बीबीसीच्या रेडिओफॉनिक वर्कशॉपमधील ब्रायन हॉजसन यांनी रिंग मॉड्युलेटर या उपकरणाचा संस्कार केला. या उपकरणात नटाचा आवाज आणि अगदी खालच्या पट्टीतला, सुमारे तीस हर्ट्झचा, एक स्थिर स्वर यांचा गुणाकार होतो. बाहेर पडणाऱ्या ध्वनीत मूळ कंप्रता उरत नाहीत; त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्या उरतात. मानवी स्वराच्या अंगभूत स्वरांशांमध्ये जे प्रमाणबद्ध नाते असते ते यामुळे मोडते आणि शब्द तर कळतो, परंतु तो उच्चारणारा देह हरवतो. रोलाँ बार्थ यांनी १९७२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात आवाजाच्या ज्या ‘कणा’चा, म्हणजे स्वरात उमटणाऱ्या देहाच्या खुणेचा, विचार केला, तो कणच येथे यंत्राने पुसून टाकलेला असतो. डॅलेक हा त्याच्या कवचाहून अधिक त्याच्या आवाजात आहे. त्या अर्थाने त्याचे श्राव्यनाट्यात येणे हे परक्या माध्यमात जाणे नसून मूळ स्थानी परतणे आहे.

मात्र हे परतणे फायद्याचेच ठरते असे नाही. मिशेल शियाँ यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात चित्रपटातील अदृश्य वक्त्याच्या सामर्थ्याची मीमांसा केली आहे. पडद्यावर ज्याचा देह दिसत नाही, पण ज्याचा आवाज ऐकू येतो, तो सर्वत्र असल्यासारखा, सर्व काही जाणत असल्यासारखा भासतो. देह दिसला की त्याचे सामर्थ्य ओसरते. ही मीमांसा श्राव्यनाट्याला लावू गेल्यास एक विपरीत स्थिती समोर येते. येथे सर्वच वक्ते अदृश्य आहेत. रुडॉल्फ आर्नहाइम यांनी १९३६ मध्येच नभोवाणीचे ‘अंधत्व’ हे तिचे वैगुण्य नसून तिची कलात्मक अट आहे असे प्रतिपादिले होते. त्या अंधत्वात पीडक आणि पीडित सारखेच देहहीन असतात. म्हणून अदृश्यतेतून मिळणारा दरारा खलपात्राला येथे आपोआप लाभत नाही. भेद उरतो तो फक्त आवाजाच्या पोतात : एका बाजूला देहाची खूण असलेले स्वर, दुसऱ्या बाजूला ती खूण पुसलेला स्वर.

याचा संवादरचनेवर होणारा परिणाम उघड आहे. दोन डॅलेकांचा परस्परसंवाद म्हणजे आज्ञा, प्रतिवृत्त आणि दुजोरा. त्यांच्या बोलण्यात चढउतार नाहीत, विराम अर्थपूर्ण नाहीत, एकाचा आवाज दुसऱ्यापासून ओळखणेही कठीण. अशा स्वरात लांब वाक्य ऐकवत नाही, स्वगत तर अशक्यच. एक तासाहून अधिक काळ चालणारे नाटक केवळ या स्वरावर पेलता येणार नाही, हे स्वतः डॅलेकांचे आवाज देणाऱ्या लेखक-दिग्दर्शकाला कोणी सांगण्याची गरज नव्हती. ब्रिग्ज यांनी १९८० च्या दशकात हौशी ध्वनिफितींच्या निर्मितीत उमेदवारी केलेली होती. खलपात्राची मर्यादा त्यांना आपल्या घशानेच ठाऊक असणार. ‘डॅलेक एम्पायर’चे रचनातंत्र या मर्यादेतून निघते. डॅलेकांच्या सत्तेला बोलण्यासाठी मानवी आवाज हवा, आणि तो आवाज कोणीतरी दिला पाहिजे.

४

पहिल्या मालिकेत तो आवाज सुसान मेंडिस देते. व्हेगा सहा या ग्रहावर भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून काम करणारी ही तरुणी डॅलेकांच्या आक्रमणात पकडली जाते. गुलामांना ठार करीत राहण्यापेक्षा त्यांना अन्न आणि विश्रांती दिल्यास काम अधिक होईल, हा तिचा युक्तिवाद डॅलेकांना पटतो. पटतो याचे कारण तो त्यांच्या हिशेबाचाच आहे. मग तिला एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर नेले जाते आणि लक्षावधी गुलामांपुढे ती बोलते : काम करा, म्हणजे जगाल. गुलाम तिला करुणेची देवदूत मानू लागतात. तिचा प्रियकर होता होता राहिलेला अ‍ॅल्बी ब्रूक युद्धाच्या दुसऱ्या टोकाकडून तिचा शोध घेत राहतो, आणि व्हेलिशाचा सरदार कॅलेन्डॉर्फ हा तिच्यासोबत फिरणारा सहबंदी हळूहळू तिचा सहकारी बनतो.

प्रस्तुत कृतीचे सारे वजन या एका प्रसंगयोजनेवर तोललेले आहे. खलपात्राचे वचन येथे कण पुसलेल्या स्वरातून न येता सेरा मोवॅट यांच्या संपूर्ण मानवी, दमलेल्या, कधी आश्वासक तर कधी कापऱ्या आवाजातून येते. डॅलेकांची आज्ञा ऐकणारा गुलाम थरथरतो. सुसानचे भाषण ऐकणारा गुलाम मान डोलावतो. दोहोंचा परिणाम मात्र एकच होतो. खाणीतून खनिज बाहेर पडते आणि साम्राज्याची युद्धनौका बांधली जाते. सत्तेला दहशत जेथवर नेत नाही तेथवर आश्वासन नेते, हे सत्य येथे कोणत्याही पात्राच्या तोंडी न घालता दोन आवाजांच्या शेजाराने श्रोत्यापर्यंत पोहोचवलेले आहे. जी सत्ता सुसानच्या शब्दांना अवकाश देते ती त्या शब्दांचा उपयोगही करते. आणि सुसानला हे माहीत आहे.

हा प्रश्न विज्ञानकल्पिताच्या कक्षेबाहेरचा आहे. ज्या १९६३ साली डॅलेक प्रथम पडद्यावर आले त्याच साली हॅना आरेन्ट यांचा आइखमनच्या खटल्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. व्याप्त युरोपातील ज्यू समाजाच्या परिषदांनी नाझी प्रशासनाला याद्या, व्यवस्था आणि सहकार्य पुरवले, या गोष्टीची त्यांनी केलेली कठोर चर्चा तेव्हापासून वादग्रस्त राहिली आहे. आरेन्ट यांना दिलेल्या उत्तरांपैकी सर्वांत गंभीर उत्तर असे होते की, बाहेर उभे राहून न्याय करणाऱ्याला आत असलेल्यांपुढचे पर्याय दिसत नाहीत. ‘डॅलेक एम्पायर’मध्ये हा वाद कोठे उल्लेखिलेला नाही, परंतु नाझी राजवटीच्या स्मृतीतून जन्मलेल्या खलपात्रांना केंद्रस्थानी आणताच ही कृती याच वादापाशी येऊन ठेपते, हा योगायोग म्हणता येणार नाही. नायक उपस्थित असता तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. डॉक्टर येतो तेव्हा सुटका शक्य असते, आणि सुटका शक्य असली की सहकार्य हा केवळ भ्याडपणा ठरतो. डॉक्टर नाही, म्हणूनच सुसानच्या कृतीचे मूल्यमापन अवघड होते.

पुढे कथानक एक वळण घेते. कॅलेन्डॉर्फ हा मनानेच दुसऱ्याच्या मनाशी बोलू शकणारा आहे. दोघांच्या प्रवासात उघड भाषणाच्या आड एक मूक निरोप गुलामांपर्यंत पोहोचत राहतो : योग्य वेळी विशिष्ट शब्द उच्चारले जातील आणि तेव्हा उठाव करायचा. ते शब्द म्हणजे डॅलेकांच्या मृत्यूची घोषणा. येथे श्राव्यनाट्य आपल्या माध्यमाचा सर्वांत सखोल उपयोग करते. रंगभूमीवर किंवा पडद्यावर जे डोळ्यांच्या इशाऱ्याने दाखवले गेले असते ते येथे दोन श्रवणस्तरांत विभागलेले आहे. डॅलेकांना उत्पादनाचे आवाहन ऐकू येते, नवागत गुलामांना आशा ऐकू येते, आणि श्रोत्याला या दोहोंखालचा तिसरा अर्थ ठाऊक असतो. नाट्यगत उपरोधाचे हे उदाहरण केवळ कानासाठी रचलेले आहे. तरीही या वळणामुळे आधीचे सहकार्य आपोआप धुऊन निघत नाही. ज्यांना काम करून जगा असे सांगितले त्यांनाच आता निःशस्त्र अवस्थेत उठायचे आहे. सुसानने वाचवलेले प्राण अखेर तिनेच पणाला लावलेले आहेत. कृती हा हिशेब पुरा करून दाखवत नाही. तो श्रोत्याच्या अंगावर सोडते, आणि हे तिचे श्रेय होय.

५

२००३ च्या दुसऱ्या मालिकेत या रचनेची परीक्षा घेतली जाते. पहिल्या मालिकेच्या अखेरीस डॅलेकांनी पर्यायी विश्वाकडे जाणारे द्वार उघडलेले असते. आपल्या बाजूने जे मिळवायचे आहे ते ज्या विश्वात डॅलेकांनी आधीच मिळवलेले आहे, तेथून साहाय्य आणण्याची त्यांची योजना असते; द्वारातून येतात ते शांततेची भाषा बोलणारे डॅलेक, आणि ते मानवांच्या बाजूने युद्धात उतरतात. त्यांच्या प्रमुखाला मेंटॉर म्हटले जाते. प्रश्न असा की, ज्या कण पुसलेल्या स्वराने आजवर संहाराच्या आज्ञा दिल्या त्याच जातीच्या स्वराने शांततेचा प्रस्ताव मांडला तर त्यावर विश्वास ठेवावा काय? दृश्य माध्यमात रंग बदलून, आकार बदलून हा भेद सुकर करता आला असता. येथे श्रोत्याचा संशय त्याच्या कानातच आहे, आणि तो पूर्वग्रह आहे की अनुभवजन्य शहाणपण आहे हे ठरवायला त्याच्याजवळ साधन नाही. कॅलेन्डॉर्फचा संशय हळूहळू बळावतो तो नव्या मित्रांच्या क्रौर्यामुळे नव्हे. त्यांच्या सुव्यवस्थेच्या आग्रहामुळे. भले करण्याचा अधिकार ज्याने स्वतःकडे घेतला आहे त्याला विरोध करण्याची मुभा उरते काय, हा पहिल्या मालिकेतील सहकार्याच्या प्रश्नाचाच पुढचा टप्पा आहे. गॅरेथ थॉमस यांचा खर्जातला, काहीसा थकलेला आवाज या भागांत मेंटॉरच्या सपाट स्वरासमोर ठेवलेला आहे. थॉमस हे टेरी नेशन यांच्याच ‘ब्लेक्स सेव्हन’चे एके काळचे नायक होते, ही गोष्ट जाणत्या श्रोत्याला त्या आवाजात बंडखोराचा उत्तरकाल ऐकू आणते.

दुसऱ्या मालिकेपासून निवेदनाला एक चौकटही मिळते. युद्धानंतर प्रदीर्घ काळ लोटला आहे, डॅलेक विस्मृतीत गेले आहेत, आणि सिय टारकॉव्ह हा अधिकारी सॅलोरान हार्ड्यू या अभ्यासिकेकडून जुना इतिहास समजून घेऊ पाहतो आहे. २००४ च्या तिसऱ्या मालिकेत या विस्मृतीची फळे दिसतात. दूरच्या ग्रहांवर रोगाची साथ आहे आणि डॅलेक तेथे उपचार करणारे म्हणून वावरत आहेत. लोक त्यांचे आभार मानतात. येथे श्रोता आणि पात्रे यांच्यातील ज्ञानाचे अंतर सर्वाधिक होते : पहिल्या शब्दाबरोबर श्रोत्याने तो आवाज ओळखलेला असतो, आणि ज्यांच्यावर उपचार चालले आहेत त्यांना तो आवाज केवळ परका वाटतो. खलपात्राचे भय त्याच्या शस्त्रात नसून ऐकणाऱ्याच्या स्मृतीत असते, हा या मालिकेचा निष्कर्ष म्हणता येईल. इतिहासाचा विसर पडलेल्या समाजात दुष्ट सत्तेला वेषांतर करावे लागत नाही.

याच्या तुलनेत २००७–०८ ची चौथी मालिका फिकी पडते. ‘द फिअरलेस’ ही चिलखतधारी सैनिकांची कथा आहे. युद्धाचे ध्वनी आहेत, धाडस आहे, व्यक्तिगत हानीचे दुःखही आहे. परंतु डॅलेक पुन्हा शत्रुपक्ष झाले आहेत आणि त्यांच्यासमोर पुन्हा नायक उभा राहिला आहे. जो संबंध तोडून शाखामालिका जन्माला आली तोच येथे मागील दाराने परतलेला दिसतो.

६

उरलेल्या दोन उत्तरांशी तुलना केली असता ‘डॅलेक एम्पायर’चे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. २००६ मध्ये चार भागांत आलेली ‘आय, डॅव्हरॉस’ ही डॅलेकांच्या निर्मात्याची चरित्रकथा आहे. शीर्षकातच रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या ‘आय, क्लॉडियस’चा प्रतिध्वनी आहे आणि तिची घडणही घराण्यातील सत्ताकारणाच्या कथेची आहे : महत्त्वाकांक्षी आई कॅल्क्युला, बहीण यार्व्हेल, अखंड युद्धात जगणारा समाज, आणि त्यात वाढणारा एक बुद्धिमान मुलगा. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे पात्राच्या अंतरंगात दीर्घकाळ वावरू दिल्यास वाचकाची सहानुभूती त्या पात्राच्या गुणदोषांचा हिशेब न ठेवता त्याच्याकडे झुकते. प्रौढ डॅव्हरॉसच्या भूमिकेतील टेरी मलॉय यांचा आवाज हल्ल्यात जायबंदी होण्यापूर्वी शाबूत, संयत, जवळजवळ सज्जन वाटतो, आणि हे झुकणे त्यामुळे अधिकच सुलभ होते. कारणांची साखळी जसजशी पुरी होते तसतसे स्पष्टीकरण समर्थनाच्या जवळ सरकू लागते. दुष्टत्व म्हणजे वाईट संगोपनाचे फलित, असा सोपा अर्थ श्रोत्याने घ्यावा अशी सोय तेथे आहे.

तथापि ‘आय, डॅव्हरॉस’च्या बाजूने एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली पाहिजे. डॅव्हरॉस आपली कहाणी सांगतो ती डॅलेकांपुढे, आपल्याच निर्मितीने मांडलेल्या चौकशीत. कथान्तर्गत श्रोतृवर्ग डॅलेकांचा आहे; म्हणजेच बाहेरच्या श्रोत्याला बसायला जी जागा ठेवली आहे ती त्यांच्या रांगेतील आहे. सहानुभूतीने ऐकणारा कान आणि निर्विकारपणे नोंद घेणारे यंत्र हे एकाच ठिकाणी बसवले जातात. या चौकटीतील बोचरेपणा कृतीने सातत्याने वापरला असता तर चरित्रकथेची मर्यादा तिला ओलांडता आली असती. प्रत्यक्षात चौकट बहुतांशी कथेला आरंभ आणि शेवट पुरवण्याचे काम करते.

पहिले उत्तर, म्हणजे खलपात्रालाच नायक करणे, हे २०१७ पासूनच्या ‘द वॉर मास्टर’मध्ये दिसते. डेरेक जॅकोबी यांनी २००७ मध्ये पडद्यावर अल्पकाळ साकारलेली मास्टरची भूमिका येथे विस्ताराने येते. जॅकोबी यांचा आवाज म्हणजे देहाच्या खुणांनी ओसंडणारा आवाज : खट्याळ, प्रेमळ, मग एका विरामानंतर थंड. पहिल्याच संचातील एका नाटकात हा मास्टर रुग्णालयात वैद्य होऊन जखमींची सेवा करीत राहतो, आणि श्रोता त्याच्या चांगुलपणावर जवळजवळ विश्वास ठेवू लागतो. येथे धोका सहानुभूतीचा नसून रंजनाचा आहे. आवाजाच्या मोहात त्याचे बळी पडद्याआड जातात. त्यांना स्वतःचा आवाज मिळालाच तर तो पुढच्या फसवणुकीपुरता असतो.

तेव्हा असे दिसते की, एकाकी खलपात्राचा आवाज श्रोत्याला आपल्याकडे ओढतो आणि समूहरूप खलपात्राचा आवाज त्याला दूर लोटतो. ‘डॅलेक एम्पायर’ने या दोहोंमध्ये तिसरा आवाज उभा केला : जो ओढूनही घेतो आणि ओढले गेल्याची लाजही वाटायला लावतो.

७

यावर आक्षेप घेता येईल की, सुसान मेंडिस केंद्रस्थानी असेल तर या मालिकेला प्रतिनायककेंद्री म्हणायचे कशासाठी? शीर्षकावर डॅलेकांचे नाव आहे, ते ग्राहकासाठी. आत आहे ती माणसांचीच कथा. आक्षेपात तथ्य आहे. व्यवसायाची गरज आणि नावाचे आकर्षण या गोष्टी अशा निर्मितीत दुर्लक्षिण्याजोग्या नसतात. परंतु केंद्र या शब्दाचा अर्थ पात्रापुरता मर्यादित केल्यामुळे हा आक्षेप उद्भवतो. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर डॅलेक येथे भावाचे आश्रय नाहीत, ते विभाव आहेत. प्रत्येक पात्राचे प्रत्येक वाक्य ज्या परिस्थितीत उच्चारले जाते ती परिस्थिती ते आहेत. सुसान डॅलेकांबद्दल बोलत नसते तेव्हाही डॅलेकांना चालेल असेच बोलत असते. सत्ता केंद्रस्थानी असण्याचा याहून नेमका अर्थ कोणता?

भासाच्या ‘ऊरुभंगा’चे उदाहरण येथे तुलनेसाठी घेता येईल. दुर्योधनाला मध्यभागी आणताच त्या एकांकी नाटकाला करुणाकडे वळावे लागले; भग्न मांड्यांनी पडलेला तो पुत्र आणि पिता म्हणून बोलू लागला, तेव्हाच तो प्रेक्षकाचा होऊ शकला. नाट्यशास्त्राने दानव-राक्षसांशी जोडलेला रौद्र हा प्रेक्षकाला बाहेरून अनुभवता येतो, मात्र त्यात आश्रयाशी एकरूप होऊन दीर्घकाळ राहता येत नाही. दुर्योधनाला करुणाचा आश्रय होता आले, कारण त्याच्याजवळ गमावण्याजोगे काही होते. डॅलेकांपाशी द्वेषावाचून काही नाही. त्यांना पडता येते, शोक करता येत नाही. म्हणून त्यांच्या कथेतला करुण माणसाच्या आवाजातच आश्रय शोधतो. ब्रिग्ज यांनी ही गोष्ट संहितेत मान्य केली. डॅलेकांना खोटे अंतरंग देण्याचा मोह त्यांनी टाळला.

या कृतीतील उणिवा झाकण्याचे कारण नाही. सुसान आणि अ‍ॅल्बी यांची ताटातूट पुष्कळदा अतिनाट्याच्या वळणावर जाते. करुणेची वाहक म्हणून स्त्रीपात्राचीच निवड करण्यामागे एक रूढ संकेत आहे आणि त्याची चिकित्सा कृतीत होत नाही. गुलामांचा समूह बहुतेक वेळा पार्श्वध्वनी म्हणूनच ऐकू येतो. सुसानच्या शब्दावर विसंबून कामाला लागलेल्या एखाद्याचा स्वतंत्र, तिला विरोध करणारा आवाज अधिक काळ ऐकू आला असता तर मूळ प्रश्नाची धार वाढली असती.

परंतु प्रतिनायककेंद्री शाखामालिकेने काय करावे याचे एक गंभीर उत्तर येथे मिळते. खलपात्राला समजून घेणे म्हणजे त्याच्या बालपणात शिरणे, किंवा त्याच्या वाक्चातुर्याला दाद देणे, एवढेच असू शकत नाही. त्याच्या सत्तेला रोज कोणाचा आवाज लागतो, तो आवाज कोणत्या सद्हेतूने दिला जातो, आणि तो देणाऱ्याचे काय होते, हेही समजून घ्यावे लागते. डॅलेकांचा स्वर पहिल्या शब्दालाच ओळखू येतो, त्यामुळे त्याच्यापासून सावध राहणे सोपे आहे. ऐकावासा वाटणारा, धीर देणारा, आपल्यासारखाच असलेला स्वर त्याच सत्तेचे काम करीत असताना ओळखणे मात्र कठीण, आणि ‘डॅलेक एम्पायर’ आपल्या श्रोत्याच्या कानाला नेमका त्याचाच सराव देते.